ताट, पेला आणि पांढरी



एखादा प्रदेश आपण पाहिला, असे केव्हा म्हणावे? देवळाचा कळस पाहिला, किल्ल्याचा बुरूज चढला, नदीत स्नान केले, एवढ्याने तो प्रदेश पाहिला असे बहुतेकांस वाटते. परंतु तेथला माणूस रोज काय खातो, सणाला काय पितो, पाहुण्यापुढे काय ठेवतो आणि जेवण झाल्यावर काय गातो, हे कळल्यावाचून प्रदेशाची खरी ओळख होत नाही. कळस आणि बुरूज राजाने बांधलेले असतात. ताट आणि पेला प्रजेचा असतो. म्हणून इतिहास शोधणाऱ्याने स्वयंपाकघराकडे पाठ फिरवून चालत नाही.

हल्ली सुखवस्तू कुटुंबांत परदेशाच्या सहलीचा बेत निघाला, की दक्षिण ऑस्ट्रेलियाचे नाव ऐकू येते. ॲडलेड हे शहर आणि बरोसा नावाचे द्राक्षांचे खोरे येथे लोक जातात ते मुख्यतः तीन गोष्टींसाठी: तेथले खाणे, तेथले द्राक्षमद्य आणि तेथले कलामहोत्सव. या देशाचा लिखित इतिहास फार जुना नाही. दक्षिण ऑस्ट्रेलियाची वसाहत १८३६ साली स्थापन झाली. ॲडलेड शहराची आखणी कर्नल विल्यम लाइट याने १८३७ साली केली आणि शहराभोवती मोकळ्या हिरवळीचा पट्टा राखला. प्रशियाच्या राजाने उपासनेच्या बाबतीत केलेली सक्ती न मानणारे सायलेशियातील काही जर्मन लोक १८३८ पासून या वसाहतीत येऊ लागले, आणि १८४२ साली त्यांनी बरोसाच्या खोऱ्यात आपले पहिले गाव वसविले. त्याच दशकात तेथे द्राक्षवेली लागल्या. त्यांतल्या काही वेली आजही फळ देतात.

ही वेल इतकी कशी टिकली, हे ऐकण्यासारखे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फिलॉक्सेरा नावाच्या मुळे खाणाऱ्या बारीक किडीने फ्रान्सचे मळे उद्ध्वस्त केले. १८७७ साली ती कीड ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया प्रांतात जिलाँग येथे पोहोचली. शेजारच्या दक्षिण ऑस्ट्रेलियाने बाहेरून रोपे आणण्यावर बंधने घातली, १८९९ साली त्यासाठी स्वतंत्र कायदा केला, आणि ती कीड वेशीबाहेर ठेवली. पुढे शहर वाढू लागले, मळ्यांवर घरांचे भूखंड पडतील अशी भीती निर्माण झाली. तेव्हा २०१२ साली बरोसा खोऱ्याचे रूप जपण्यासाठी आणखी एक कायदा झाला. हे सारे केवळ पावणेदोनशे वर्षांच्या वारशासाठी! अर्थात त्याच भूमीवर कौर्ना, पेरामांक, नगाजुरी हे मूळ रहिवासी हजारो वर्षे नांदत आले होते. त्यांच्या वाट्याला असा कायदा वेळेवर आला नाही, हेही विसरता कामा नये. वारसा कोणाचा मोजावयाचा आणि कोणाचा नाही, हा प्रश्न सर्वत्र सारखाच आहे.

आता मी आपणांस विचारतो: खाणे, पेय आणि कला यांसाठी परक्याने लांबून यावे, असा प्रदेश आपल्या पायाखालीच असेल तर? पोखर्णी, परभणी, गंगाखेड, पैठण, नेवासे, तेर हे गोदावरीचे आणि तिच्या उपनद्यांचे खोरे दोन हजार वर्षांपूर्वीपासून परदेशी पाहुण्यांच्या वहीत नोंदलेले आहे. त्यांतल्या तीन पाहुण्यांना मी आज बोलावणार आहे. एक ग्रीक, एक चिनी आणि एक मोरोक्कोचा. तिघांनीही आपल्या पूर्वजांच्या पेल्याबद्दल काहीतरी लिहून ठेवले आहे, आणि मौज अशी की तिघांचे म्हणणे वेगवेगळे आहे.

पहिला पाहुणा इसवी सनाच्या पहिल्या शतकातला, ईजिप्तमध्ये राहणारा, ग्रीक भाषा बोलणारा व्यापारी. त्याचे नाव आपणांस ठाऊक नाही. त्याचे पुस्तक ‘पेरिप्लस’ या नावाने प्रसिद्ध आहे. पुस्तक म्हणजे बंदरांची यादी आणि भावबाजाराची टिपणे. भडोच बंदरात, ज्याला तो बॅरिगाझा म्हणतो, कोणता माल खपतो हे सांगताना तो आरंभीच द्राक्षमद्याचे नाव घेतो. इटलीच्या मद्याला विशेष मागणी. त्याखेरीज सिरियातील लाओडिसियाचे आणि अरबस्तानचे. राजासाठी आणावयाच्या मालात चांदीची भांडी, गाणारी मुले आणि उंची मद्य असावे, असाही सल्ला तो देतो. याच भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तेथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर नावाचे फार मोठे शहर आहे, असे त्याने लिहिले आहे.

हे तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातील तेरणाकाठचे तेर होय. जॉन फ्लीट या पंडिताने १९०१ साली हे दाखवून दिले. तेर वस्तुतः पैठणच्या आग्नेयेस आहे. पण बैलगाडीच्या वाटेने दिवस मोजणाऱ्या आणि स्वतः देशावर न आलेल्या माणसाचा एवढा दिशाभेद समजण्यासारखा आहे. पैठणहून आणि तगरहून माल गाड्यांवर लादून, धड रस्ते नसलेल्या मोठ्या मुलखातून भडोचला जातो, असे तो म्हणतो. रस्त्यांविषयीची ही तक्रार आपल्या कानांस फारशी अनोळखी वाटू नये.

परक्या देशातून मद्य यावयाचे ते ॲम्फोरा नावाच्या मातीच्या रांजणातून. दोन कान, अरुंद मान आणि खाली टोकदार बूड, असा त्याचा आकार. असा रांजण जमिनीवर उभा राहत नाही, मग तो असा का घडविला? जहाजाच्या तळाशी रांजणांच्या थरावर थर रचताना खालच्या थराच्या खांद्यांमधल्या फटीत वरच्या रांजणाचे टोक नेमके बसते, आणि समुद्र खवळला तरी थर ढासळत नाही. ओतताना तेच टोक धरण्याच्या उपयोगी पडते. मद्य झिरपू नये म्हणून आतून राळेचा लेप देत. रोमन लोकांचे ‘ॲम्फोरा’ हे मापही होते, सुमारे २६ लिटरांचे. हे रांजण नाईल नदीतून वर, तेथून वाळवंट ओलांडून तांबड्या समुद्रावरील बंदरात, आणि मग पावसाळी वाऱ्याच्या पाठीवर बसून आपल्या किनाऱ्याला लागत. ज्या वाऱ्याकडे आपला शेतकरी पेरणीसाठी डोळे लावून बसे, तोच वारा इटलीचे मद्य घेऊन येई.

या रांजणांची खापरे आपल्याकडे खरोखर सापडली आहेत. डॉ. हसमुख सांकळिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५४ ते १९५६ या काळात नेवासे येथे प्रवरेकाठी उत्खनन केले; तेथे ती मिळाली. श्री. चापेकर यांनी १९५८ साली तेर येथे केलेल्या उत्खननातही ती मिळाली. नेपल्सच्या आसपासच्या कुंभारांच्या मातीत ज्वालामुखीची काळी वाळू मिसळलेली असते, आणि अशी काळी कणी असलेली खापरे भारतात अनेक ठिकाणी हाती आली आहेत. आपली काळी माती तरी कशाची? तीही कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या खडकाचीच. एका ज्वालामुखीच्या वाळूचे भांडे दुसऱ्या ज्वालामुखीच्या मातीत येऊन फुटले, असा हा योग आहे.

मात्र उत्साहाच्या भरात प्रत्येक जाड खापराला रोमन म्हणण्याचा मोह आवरला पाहिजे. रोबर्टा टॉम्बर या विदुषीने भारतातील अशी खापरे तपासून दाखविले आहे, की त्यांतील पुष्कळशी रोमन नसून इराकच्या बाजूकडील लांबट रांजणांची आहेत; त्यांना आतून डांबराचा लेप असतो आणि त्यांचा व्यापार रोमन काळानंतरही कित्येक शतके चालला. शिवाय ॲम्फोरातून मद्याप्रमाणेच तेल आणि माशांची चटणीही येत असे. खापर बोलते हे खरे. पण त्याला दोनदा विचारावे लागते.

पेला आला तो काही फुकट नव्हे. तगरहून मोबदल्यात कापड गेले: जाडेभरडेही आणि तलम मलमलही. पैठणहून अकीकासारखे रंगीत दगड गेले. भारताच्या व्यापारापायी साम्राज्याचे दरसाल पाच कोटी सेस्टर्स बाहेर जातात, असा त्रागा रोमन लेखक प्लिनी याने त्याच शतकात केला आहे. कापूस पिकविणाऱ्या आपल्या मुलखाने एके काळी रोमच्या तिजोरीला घोर लावला होता, हे परभणीच्या मोंढ्यातल्या माणसाने अभिमानाने ऐकावे. इतकेच काय, इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई शहरात १९३८ साली एक भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. तिच्याशी साम्य असलेली हस्तिदंती मूर्ती तेरला मिळालेली आहे, आणि त्याच घडणीचा एक नमुना जालना जिल्ह्यातील भोकरदनच्या उत्खननातही निघाला. व्हेसुव्हियसच्या परिसरातला पेला इकडे आणि आपल्याकडची कलाकुसर व्हेसुव्हियसच्या पायथ्याशी, असा हा देवघेवीचा हिशेब आहे.

आता दुसरा पाहुणा. चिनी भिक्षू ह्युएनत्संग हा इसवी सन ६४१च्या सुमारास, दुसऱ्या पुलकेशीच्या अमदानीत महाराष्ट्रात आला. येथली जमीन सुपीक, लोक उपकार न विसरणारे आणि अपमान तर त्याहूनही न विसरणारे, असे त्याने लिहिले. आणि पेल्याविषयी? लढाईला निघण्यापूर्वी येथले वीर मद्य पिऊन धुंद होतात आणि हत्तींनाही मद्य पाजतात, असे त्याने नोंदविले आहे. त्याच्या दीडएकशे वर्षे आधी रंगविलेल्या अजिंठ्याच्या पहिल्या लेण्याच्या छतावर टोपी घातलेले परदेशी पुरुष पेले घेऊन बसलेले दिसतात. म्हणजे परदेशी पाहुणा आपल्याला पाहत होता, तसे आपले चितारीही पाहुण्याला न्याहाळीत होते!

तिसरा पाहुणा इब्न बतूता. मोरोक्कोतल्या तांजीर शहराचा हा प्रवासी मुहंमद तुघलकाचा वकील म्हणून चीनकडे निघाला असता १३४२च्या सुमारास दौलताबादेत आला. त्याने तेथला गाणाऱ्यांचा बाजार पाहिला, आणि तेथली द्राक्षे व डाळिंबे वर्षातून दोनदा फळतात असे लिहून ठेवले. हे वाचून थंड देशातील माणसास नवल वाटेल. बरोसाची वेल हिवाळ्यात झोपी जाते आणि वर्षाला एकदाच फळते. आपल्याकडे तिला झोप अशी लागतच नाही. म्हणून आपल्या बागाईतदाराला एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरात गोडी छाटणी अशी दोनदा कात्री चालवावी लागते. आज एकच पीक घेतात, पण वेलीचा स्वभाव बतूताने पाहिला तोच आहे.

पुढे नंदुरबारला मराठ्यांचे वर्णन करताना हाच प्रवासी लिहितो, की हे लोक भात, भाजीपाला आणि तिळाचे तेल खातात, जेवणापूर्वी कसोशीने स्वच्छता पाळतात, आणि मद्य पीत नाहीत. मद्यपान हा त्यांच्या दृष्टीने सर्वांत मोठा दोष होय. ह्युएनत्संगाचे झिंगलेले वीर कोठे आणि बतूताचे हे सोवळे गृहस्थ कोठे!

तिघांपैकी खोटे कोण? मला वाटते, खोटे कोणीच नाही. एकाने बंदरातला भाव पाहिला, दुसऱ्याने सैन्याविषयी लिहिले, तिसऱ्याने प्रतिष्ठितांचे घर पाहिले. समाजाचा पेला एक नसतो. राजवाड्यात एक, छावणीत दुसरा, माजघरात तिसरा. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील राजा सोमेश्वर याने ११२९च्या सुमारास रचलेल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात राजाच्या खाण्यापिण्याचे आणि क्रीडांचे वर्णन आहे. पण त्याच ग्रंथात महाराष्ट्रातल्या बाया कांडताना ओवी गातात, हीही नोंद आहे. राजाचा पेला आणि बाईचे मुसळ एकाच पोथीत आले, हे त्या ग्रंथाचे मोठेपण.

पेल्याविषयी एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. मी मद्याची तरफदारी करण्यास उभा राहिलेलो नाही. निजामी राजवटीत शिंदी आणि मोहाच्या दारूवरील आबकारी हे सरकारी तिजोरीचे मोठे उत्पन्न होते, आणि त्या उत्पन्नाची किंमत कोणी मोजली हे खेड्यातल्या आयाबहिणींना विचारावे. पुढे ‘उभी बाटली, आडवी बाटली’ अशा मतदानाने गावोगावच्या स्त्रियांनी दुकाने बंद पाडली, तीही इतिहासाचीच पाने आहेत. २००१ साली महाराष्ट्र सरकारने द्राक्षप्रक्रियेचे धोरण आखले आणि नाशिकच्या बाजूला वाइनचा धंदा वाढला. तो शेतकऱ्याला किती तारतो हे पाहण्याचे काम आजच्यांचे आहे. माझा आग्रह पेल्यातल्या पदार्थासाठी नाही. पेला फुटल्यावर जे खापर उरते त्यासाठी आहे. दारूची झिंग रात्रीत उतरते. खापर दोन हजार वर्षे साक्ष देते.

आता ताटाकडे वळू. आपले मराठवाडी ताट अगदी गावठी, जसेच्या तसे पुरातन, अशी आपली समजूत असते. एकेक पदार्थ उचलून पाहा. भाकरी ज्वारीची, ज्वारीचे मूळ घर आफ्रिकेत, सुदानच्या बाजूला. ठेचा मिरचीचा, मिरची अमेरिकेतून, पोर्तुगिजांबरोबर सोळाव्या शतकात आली. चटणी शेंगदाण्याची, भुईमूगही अमेरिकेचाच. बीडचे प्रसिद्ध सीताफळ, नावात सीतामाई असली तरी, जन्माने अमेरिकन. आणि अलीकडे ज्याने आपली शिवारे व्यापली ते सोयाबीन चीनकडचे. मग आपले काय? आपली तूर. तुरीचे मूळ घर भारत. भोकरदनच्या उत्खननात निघालेल्या, जळून कोळसा झालेल्या धान्यात तुरीचे दाणे ओळखू आले आहेत. सातवाहनांच्या काळीही या मुलखात वरण शिजत असले पाहिजे.

याचा अर्थ आपले ताट उसने आहे असा नव्हे. ज्वारी आफ्रिकेने दिली, पण हुरडा पार्टीचे कौतुक, भाकरीचा पापुद्रा, कण्या, धपाटे हे आपण केले. सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेल्या ‘गाथा सप्तशती’त, जिची स. आ. जोगळेकरांनी केलेली मराठी आवृत्ती १९५६ साली प्रसिद्ध झाली, गोदावरीचे ‘गोला’ हे नाव वारंवार येते; तागाची, कापसाची, भाताची शेते दिसतात. महानुभावांच्या ‘लीळाचरित्रा’त तेराव्या शतकातल्या गोदाकाठच्या जेवणाचे बारीकसारीक उल्लेख आहेत. ज्या प्रदेशाच्या आद्य ग्रंथांत शेत आणि ताट इतके स्पष्ट दिसते, त्या प्रदेशाच्या लोकांनी आपले खाणे क्षुल्लक समजू नये.

बरोसात १९४७ पासून द्राक्षकापणीचा उत्सव होतो आणि त्यासाठी दूरदूरचे लोक येतात. आपल्याकडे येळवस आहे. लातूर, धाराशिवकडे आणि आपल्या भागातही काही ठिकाणी मार्गशीर्षातील अमावास्येला सारे कुटुंब शेतात जाते. कडब्याच्या कोपीत पांडव मांडतात, बिंदग्यातून आंबील नेतात, भज्जी, उंडे, खीर असा बेत असतो, आणि ओळखीचा असो वा नसो, वाटसरूला पंगतीला बसवतात. ही येळवस म्हणजे कानडी मुलखातील ‘एळ्ळु अमावास्ये’. कानडीत एळ्ळु म्हणजे तीळ. भाषेची सीमा ओलांडून आलेला हा सण आहे. ज्वारीचे पीठ आणि ताक आंबवून केलेली आंबील हे त्याचे पेय: थंड, आंबूस आणि निर्व्यसनी. आपल्या खोऱ्याचा खरा पेला मला विचाराल तर हाच.

आणि जेवणानंतरचे गाणे? तेरला गोरोबाकाका झाले. ते कुंभार होते, हे या विषयात फार अर्थपूर्ण आहे. परक्या कुंभाराचा रांजण ज्या गावात येऊन फुटला, त्याच गावात बारा शतकांनी एका कुंभाराने थापटणे घेऊन संतांची डोकी वाजवून पाहिली आणि कोणते मडके पक्के, कोणते कच्चे ते सांगितले, अशी परंपरा आहे. गंगाखेडला जनाबाई झाली. तिचे नाव आणि जाते आपण वेगळे करू शकत नाही. नेवाशाला, जेथे त्या रांजणाची खापरे मिळाली, तेथेच १२९० साली ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. दळणे, कांडणे, मडके घडविणे, आणि त्यातूनच ओवी व अभंग: स्वयंपाकघर आणि साहित्य यांची आपल्याइतकी जवळीक क्वचितच कोठे असेल.

म्हणून मी म्हणतो, परभणी-परळी लोहमार्गावरचे आपले पोखर्णी हे अशा सहलीचे चांगले आरंभस्थान आहे. नाव ऐकताच पुष्करिणी आठवावी असे हे गाव. नृसिंहाचे स्थान म्हणून कित्येक कुळांचे पाय येथे आपोआप वळतात. येथे देवदर्शन घ्यावे. परभणीला १९७२ साली स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठात ज्वारीचे वाण पाहावेत. लोह आणि जस्त अधिक असलेली ‘परभणी शक्ती’ २०१८ साली तेथूनच बाहेर पडली. गंगाखेडला गोदावरी ओलांडताना जनाबाईचे स्मरण करावे. पुढे तेरला जाऊन मूळचे विटांचे चैत्यगृह असलेले त्रिविक्रमाचे देऊळ पाहावे आणि रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाचे वस्तुसंग्रहालय पाहावे. लामतुरे हे काही विद्यापीठाचे पंडित नव्हते. गावच्या मातीत सापडणाऱ्या मूर्ती, मणी, खेळणी, भांडी त्यांनी वर्षानुवर्षे जमविली, आणि त्या संग्रहातून हे संग्रहालय उभे राहिले. एका माणसाच्या वेचण्याने एका गावाचा इतिहास वाचला.

आता शेवटची आणि माझ्या मते मुख्य गोष्ट. आपल्याकडे गावाचे दोन भाग मानतात: काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेत, पांढरी म्हणजे वस्ती. वस्तीची माती पांढरी का होते? शतकानुशतके चुलीतली राख, शेण, हाडे, पडलेल्या भिंती, धान्याची फोलपटे एकावर एक साचतात आणि माती भुरकट पांढरी पडते. जुन्या वस्तीची टेकाडे अशाच मातीची असतात. ही माती खताला उत्तम, हे शेतकऱ्याला पूर्वीपासून ठाऊक आहे. माळवदावर पसरायला आणि गढीच्या भिंतीला उत्तम, हे गवंड्याला ठाऊक आहे. म्हणून टोपलीटोपलीने पांढरी उचलली गेली. टोपली होती तोवर टेकाड हळूहळू झिजत होते. आता यंत्र आले. जे टेकाड दोन हजार वर्षांत साचले ते दोन दिवसांत ट्रॅक्टरमध्ये भरून नाहीसे होते, आणि त्याबरोबर राखेचे थर, जळालेली तूर, रांजणाचा कान, सारे शेतात पसरून कुळवाखाली जाते. थर विसकटला की खापर मुके होते. कारण खापर काय सांगते ते त्याच्यावरच्या आणि खालच्या थरावर अवलंबून असते; थराबाहेरचे खापर म्हणजे पानाबाहेर पडलेले अक्षर.

शेतकऱ्याला मी दोष देत नाही. ज्याच्या शेतात खत नाही त्याला सातवाहनांची महती सांगणे शोभत नाही. पण बरोसाच्या शेतकऱ्यालाही मळ्याचे भूखंड पाडून अधिक पैसा मिळाला असता. तेथल्या लोकांनी एवढेच ठरविले, की जे एकदा गेले ते परत आणता येत नाही, त्याची किंमत आजच्या भावाने करावयाची नाही. त्यांच्याजवळ जपण्यासारखे पावणेदोनशे वर्षांचे आहे. आपल्याजवळ दोन हजार वर्षांचे. आपल्याकडेही हे भान मुळीच नाही असे नाही. जालन्याची दगडी ज्वारी, वसमतची हळद, बोरसुरीची तूरडाळ यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे ताटाची नोंद सुरू झाली आहे. पांढरीची व्हावयाची आहे.

यासाठी फार पैसा लागत नाही. प्रत्येक ग्रामसभेने आपल्या शिवारातील जुन्या पांढरीचे गट नंबर लिहून काढावेत आणि तेथली माती उचलण्यापूर्वी पुरातत्त्व खात्याला कळवावे. प्रत्येक शाळेत एक फळी असावी. पाया खणताना, विहीर खणताना मिळालेले खापर, मणी, नाणे कोठे आणि किती खोल सापडले हे चिठ्ठीवर लिहून, खात्याचा माणूस येईपर्यंत तेथे सांभाळावे. आणि घरातल्या वडीलधाऱ्या बायांना विचारून येळवसीचे, नवरात्राचे, बाळंतिणीचे पदार्थ एका वहीत उतरवावेत. कारण खापर निदान मातीत राहते, हाताची चव हाताबरोबरच जाते.

ग्रीक व्यापाऱ्याने, चिनी भिक्षूने आणि मोरोक्कोच्या प्रवाशाने आपल्याबद्दल लिहिले, ते त्यांच्या सोयीने आणि त्यांच्या नजरेने. त्यांचे आपण ऋणी आहोत. पण आपल्या ताटाची आणि पेल्याची आपली स्वतःची वही गावाखालच्या पांढरीत आहे, आणि तिची पाने अजून पुरती उलटलेली नाहीत. ती वाचण्यापूर्वीच खताच्या भावाने विकू नये, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.